एमसीबीच्या टर्मिनलमध्ये एकाहून अधिक तारा जोडताना: नवशिक्यांसाठी सुरक्षित कार्यपद्धती

मराठवाड्यात घरे टप्प्याटप्प्याने वाढतात. माळवदाच्या दोन खोल्यांपुढे पत्र्याचे शेड येते, काही वर्षांनी मागे स्लॅबची खोली होते, बोअरवर मोटर बसते, उन्हाळ्यात कूलर लागतो आणि न्हाणीघरात गीझर येतो. वायरिंगही तशीच वाढत जाते. मात्र डीबी, म्हणजे घरातल्या सर्व शाखांना वीज वाटून देणारी पेटी, पहिल्या दिवशी जेवढी बसवली तेवढीच राहते. नव्या खोलीची फेज तार कोठे जोडायची हा प्रश्न आला की जवळचा एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) दिसतो, त्याच्या टर्मिनलमध्ये थोडी मोकळी जागा दिसते आणि दुसरी, प्रसंगी तिसरी तारही त्याच छिद्रात खुपसून पेच कसला जातो. दिवा लागतो, पंखा फिरतो, म्हणून काम नीट झाले असे वाटते. या जोडणीतील दोष त्या दिवशी दिसत नाही. तो काही महिन्यांनी, बहुधा भर उन्हाळ्यात, भार वाढल्यावर बाहेर येतो.

हा लेख आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा तारतंत्रीचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी आणि अनुभवी वायरमनच्या हाताखाली नुकतेच काम सुरू केलेल्यांसाठी लिहिला आहे. घरमालकांनीही तो जरूर वाचावा, म्हणजे आपल्या डीबीत चाललेले काम त्यांना समजून पाहता येईल. परंतु त्यांनी स्वतः पेटी उघडून तारा जोडू नयेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर वायरिंगमधील भर किंवा बदल परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावा लागतो. मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर आणि मीटरचे सील हा महावितरणचा भाग आहे. त्याला आपण हात लावायचा नाही.

एकाच टर्मिनलमध्ये दोन तारा का सैल राहतात

एमसीबीचे टर्मिनल उघडून नीट पाहावे. पेच फिरवला की धातूची एक छोटी चौकट वर सरकते आणि तार त्या चौकटीच्या व वरच्या स्थिर पट्टीच्या मध्ये दाबली जाते. एकच तार असेल तर सगळा दाब तिच्यावर येतो. दोन सारख्या तारा शेजारी शेजारी सपाट बसल्या तर दाब दोघींत वाटला जातो. परंतु एक तार ४ चौरस मिलिमीटरची आणि दुसरी १.५ ची असेल, तर पेच कितीही कसला तरी चौकट जाड तारेवरच टेकते आणि बारीक तार बाजूच्या पोकळीत नुसती स्पर्श करून राहते. बाहेरून हाताने ओढल्यास ती कधी निघते, कधी इन्सुलेशन अडकल्यामुळे निघतही नाही. पण पकड मात्र नसते. एक तार अखंड तांब्याची आणि दुसरी बारीक धाग्यांची असली तरी हेच घडते. तीन तारा घातल्या तर दोन कडेच्या आणि एक वर चढलेली अशी रचना होते आणि वीज वाहू लागल्यावर तारा तापून, निवून, थोड्या सरकून जो दाब होता तोही कमी होतो.

सैल जागी संपर्क-रोध वाढतो आणि तेथे उष्णता निर्माण होते. समजा त्या जागी केवळ ०.१ ओहम रोध आहे आणि गीझर व इतर उपकरणे मिळून १५ अँपिअर प्रवाह जात आहे. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २२.५ वॅट. हे जवळजवळ २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न प्लॅस्टिकच्या एमसीबीत तासन्‌तास चालू ठेवण्यासारखे आहे. घरगुती तारांचे पीव्हीसी इन्सुलेशन साधारणपणे ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालण्यासाठी बनवलेले असते. त्यापुढे ते कडक होते, तपकिरी पडते आणि बोटाने वाकवले की तडकते. तांबे काळवंडते, काळवंडल्यामुळे रोध आणखी वाढतो, आणि हे चक्र स्वतःच स्वतःला वाढवत नेते.

येथे एक गोष्ट नवशिक्यांनी पक्की लक्षात ठेवावी, कारण अनेक जुनेजाणते कारागीरही येथेच फसतात: सैल जोडणीतून होणारी ही उष्णता एमसीबीला दोष म्हणून ओळखता येत नाही. एमसीबी जादा प्रवाह पाहतो, आणि सैल जोडणीमुळे प्रवाह वाढत नाही. झालाच तर किंचित कमी होतो. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार १६ अँपिअरचा एमसीबी १.१३ पटीपर्यंत, म्हणजे सुमारे १८ अँपिअरला, एक तासभर पडू नये, म्हणजे आपोआप बंद होऊ नये, अशी अपेक्षा असते, आणि १.४५ पटीला, म्हणजे सुमारे २३ अँपिअरला, तो एका तासाच्या आत पडला पाहिजे. पंधरा अँपिअरवर जळणारे टर्मिनल त्याच्या दृष्टीने अगदी नियमात असते.

उलट बाजूने त्रास असा होतो की टर्मिनलची उष्णता आतल्या द्विधातू पट्टीपर्यंत (तापल्यावर वाकून एमसीबी पाडणारी पट्टी) पोहोचते आणि एमसीबी भार मर्यादेत असतानाही पडू लागतो. त्यात हे एमसीबी ३० अंश तापमान गृहीत धरून जुळवलेले असतात. परभणी, नांदेड, बीडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो, पत्र्याच्या भिंतीवर बसवलेली बंद डीबी तर त्याहूनही तापते. मग घरचे लोक सांगतात की कूलर लावला की एमसीबी पडतो, आणि कोणीतरी १६ च्या जागी ३२ चा बसवून देतो. पडण्याची तक्रार मिटते, पण तारेचे संरक्षण गेलेले असते आणि सैल टर्मिनल जसेच्या तसे तापत राहते. वारंवार पडणारा एमसीबी दिसला की आधी टर्मिनल तपासावे, मग भार मोजावा; रेटिंग वाढवण्याचा विचार तारेची जाडी पाहिल्याशिवाय कधीही करू नये.

आधी ठरवावे: दुसरी तार येथे हवी का

काम सुरू करण्यापूर्वी कागदावर भाराचा हिशेब मांडावा. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेतो. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालू असताना साधारण ६ ते ७ अँपिअर घेते आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट घेते. खेड्यांत व्होल्टेज खाली गेले की तिचा चालू प्रवाह आणखी वाढतो. ही दोन्ही उपकरणे एका १६ अँपिअरच्या एमसीबीवर आली की त्याची क्षमता तेथेच संपते. अशा वेळी दुसरी तार बसवायची कशी याचा विचारच करू नये. नव्या उपकरणाला नवा एमसीबी आणि डीबीपासून निघालेली स्वतंत्र फेज, न्यूट्रल व अर्थ अशी तिहेरी ओढणी द्यावी. डीबीत जागा नसेल तर मोठी डीबी बसवावी. नवीन डीबीचा खर्च घरमालकाला सांगताना संकोच वाटतो हे खरे आहे, पण तो सांगितलाच पाहिजे.

दुसरी कसोटी तारेच्या जाडीची आहे. एमसीबी हा उपकरणाचे नव्हे, तर प्रथम तारेचे रक्षण करतो, म्हणून त्याच्या टर्मिनलमधून निघणारी प्रत्येक तार त्याचे रेटिंग सोसणारी असली पाहिजे. पाइपमधून नेलेल्या तांब्याच्या तारांसाठी दीडच्या (१.५ चौरस मिलिमीटर) तारेला १० अँपिअर, अडीचच्या तारेला १६ आणि चारच्या तारेला २० अँपिअरचा एमसीबी हा आपल्याकडच्या उष्ण हवेत सांभाळून धरलेला हिशेब आहे. गीझरच्या २० अँपिअरच्या एमसीबीला पोर्चमधल्या दिव्यासाठी एकची बारीक तार जोडली, तर दिव्याचा भार क्षुल्लक असला तरी त्या तारेत दोष निर्माण झाल्यावर ती तापेल आणि एमसीबी वेळेवर पडणार नाही. दोन्ही तारा सारख्या जाडीच्या, सारख्या धातूच्या आणि सारख्या घडणीच्या असणे ही अट यामुळे दुहेरी महत्त्वाची ठरते.

तिसरी कसोटी उत्पादकाच्या सूचनेची. काही एमसीबींच्या टर्मिनलमध्ये दोन स्वतंत्र कप्पे असतात, एक कॉम्ब बसबारच्या (अनेक एमसीबींना एकदम फेज देणारी कंगव्यासारखी धातूची पट्टी) दातासाठी आणि दुसरा तारेसाठी. काहींच्या माहितीपत्रकात दोन सारख्या तारांना स्पष्ट परवानगी दिलेली असते. तसा उल्लेख नसेल तर एका टर्मिनलमध्ये एकच तार असे धरून चालावे. २५ चौरस मिलिमीटरची तार मावेल एवढे छिद्र दिसते, याचा अर्थ अडीचच्या दहा तारा चालतील असा होत नाही; ते माप एका तारेसाठी दिलेले असते.

वीज बंद करणे आणि ती बंद असल्याची खात्री करणे

मेन स्विच बंद करावा, शक्य असेल तर त्याला कुलूप किंवा निदान काम चालू असल्याची पाटी लावावी आणि घरातल्या सर्वांना सांगावे. त्यानंतर इन्व्हर्टर बंद करून त्याचे आउटपुट डीबीपासून वेगळे करावे, कारण मेन बंद असतानाही इन्व्हर्टरची फेज काही एमसीबींवर जिवंत असते. इन्व्हर्टरची न्यूट्रल अनेक घरांत मुख्य न्यूट्रल लिंकशीच (सर्व न्यूट्रल तारा एकत्र येणारी पट्टी) जोडलेली असते, तेव्हा काळी तार आहे म्हणून तिला बेधडक हात लावू नये. आपल्याकडे लोडशेडिंग चालू आहे तोवर काम उरकून घ्यावे, अशी एक घातक सवय आहे. गेलेली वीज कोणत्याही क्षणी येते, त्यामुळे पुरवठा गेलेला असणे आणि आपण तो तोडलेला असणे यांत जीव जाण्याइतका फरक आहे.

शेतातील मोटरच्या पेटीवर काम असेल तर अधिक सावध राहावे. स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला असतो आणि तिन्ही फेज आल्या की मोटर आपोआप सुरू होते. तेथे किटकॅट फ्यूज काढून ते काम संपेपर्यंत स्वतःजवळ ठेवावेत.

बंद झाल्याची खात्री मल्टिमीटरने करावी. आधी चालू असलेल्या एखाद्या ठिकाणी मीटर २३० च्या आसपास व्होल्टेज दाखवतो हे पाहावे, मग आपल्या एमसीबीच्या वरच्या व खालच्या दोन्ही टर्मिनलवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजावे, आणि पुन्हा चालू ठिकाणी मीटर तपासावा. पेचकसासारखा साधा निऑन टेस्टर पेटला नाही म्हणून वीज नाही असे समजू नये. उन्हाच्या उजेडात त्याचा दिवा दिसत नाही आणि लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास तो मंद पेटतो.

जोडणीच्या पद्धती

सर्वांत चांगली पद्धत ही की एमसीबीच्या टर्मिनलमध्ये एकच तार जावी आणि फाटे पेटीत किंवा जंक्शन बॉक्समध्ये, मूळ जागेबाहेर फुटावेत. त्यासाठी योग्य क्षमतेचा कनेक्टर घ्यावा, ज्यात प्रत्येक तारेला स्वतःचा कप्पा असतो. दोन्ही शाखांच्या फेज तारा कनेक्टरच्या दोन कप्प्यांत आणि तिसऱ्या कप्प्यातून एमसीबीपर्यंत एक छोटा तुकडा, असे जोडावे. हा तुकडा शाखांहून बारीक कधीही असू नये. तारांना पीळ देऊन त्यावर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत या कामासाठी पूर्णपणे सोडून द्यावी. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात टेपचा चिकटपणा पातळ होऊन ती सुटते आणि उघडा पीळ पेटीच्या पत्र्याला लागतो.

येणाऱ्या बाजूला, म्हणजे मेन किंवा आरसीसीबीकडून (वीज गळती झाल्यास पुरवठा तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) अनेक एमसीबींना फेज द्यायची असेल तेव्हा, कॉम्ब बसबार वापरावा. तारेचे तुकडे एका एमसीबीतून दुसऱ्यात ‘लूप’ मारत नेण्याची रीत सर्वत्र दिसते. त्यात मधल्या प्रत्येक टर्मिनलमध्ये दोन तारा येतात आणि पहिल्या टर्मिनलमधून पुढच्या सगळ्यांचा प्रवाह जातो, म्हणून सर्वाधिक जळलेले टर्मिनल बहुधा पहिलेच असते. बसबार बसवताना त्याचा प्रत्येक दात चौकटीच्या आत गेला आहे, मागे गेलेला नाही, हे प्रकाशात डोकावून पाहावे. कापलेल्या टोकाला प्लॅस्टिकची टोपी लावावी.

उत्पादकाची परवानगी असेल आणि दोन्ही तारा अगदी सारख्या असतील तरच दोन तारा एका टर्मिनलमध्ये घ्याव्यात. बारीक धाग्यांच्या तारांसाठी दोन तारांचे जुळे फेरूल (तारेच्या टोकावर बसवायची धातूची छोटी नळी) मिळते. दोन्ही तारा त्यात घालून योग्य क्रिंपिंग टूलने दाबल्या की त्यांचे एकच ठोस टोक होते आणि चौकटीला एकच वस्तू दाबायची राहते. पकडीने चेपलेले फेरूल म्हणजे क्रिंपिंग नव्हे. टोकाला सोल्डर लावून ते पेचाखाली घेऊ नये, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरते आणि पेच आपोआप सैल होतो. टर्मिनलमध्ये मावत नाही म्हणून तारेचे चार-पाच धागे कापून टाकण्याचा प्रकार तर अक्षम्य आहे. त्या जागी तार बारीक होते आणि बाहेरून कोणालाही ते कळत नाही.

शेतातील केबल आणि सर्व्हिस वायर बहुधा ॲल्युमिनियमची असते. ती तांब्याच्या तारेबरोबर एका टर्मिनलमध्ये कधीही घालू नये. ॲल्युमिनियमवर हवेत ऑक्साइडचा थर येतो, ते दाबाखाली हळूहळू पसरते आणि ओल लागली की तांब्याच्या संपर्कात झिजते. तेथे द्विधातू लग (तारेच्या टोकाला बसवायचा दोन धातूंचा जोडतुकडा) किंवा दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर वापरावा.

प्रत्यक्ष सोलणे, बसवणे आणि कसणे

एमसीबीवर किंवा माहितीपत्रकात तार किती सोलायची ते दिलेले असते. बहुधा ते १० ते १४ मिलिमीटरच्या दरम्यान असते. वायर स्ट्रिपर वापरावा, चाकूने सोलल्यास तांब्यावर खाच पडते आणि तार तेथे तुटते. इन्सुलेशन टर्मिनलच्या तोंडापर्यंत यावे: आत गेले तर पेच प्लॅस्टिकवर कसला जातो, आणि बाहेर उघडे तांबे राहिले तर शेजारच्या एमसीबीला धोका.

पेच पूर्ण सैल करून चौकट उघडी करावी, तार सरळ आत घालावी आणि ती चौकटीच्या मागे निसटली नाही ना हे पाहावे. नवशिक्यांच्या हातून होणारी ही सर्वांत सामान्य चूक आहे. पेच घट्ट लागतो, पण तार नुसती प्लॅस्टिक आणि चौकटीच्या मध्ये लटकत असते. पेचाच्या खाचेला नेमका बसणारा पेचकस घ्यावा. शक्य असेल तर टॉर्क पेचकस वापरावा. लहान एमसीबींना बहुधा २ ते २.५ न्यूटन-मीटरच्या आसपासचे मूल्य दिलेले असते, परंतु आपल्या एमसीबीवर छापलेलेच मूल्य पाळावे. मनगटाचा सगळा जोर लावून कसल्यास पेचाचे आटे जातात आणि ती पकड पुन्हा कधीच येत नाही. कसून झाल्यावर प्रत्येक तार वेगवेगळी धरून ओढावी. दोन तारा एकत्र धरून ओढल्यास घट्ट तार सैल तारेला लपवते.

न्यूट्रलकडे दुर्लक्ष होऊ नये. न्यूट्रल लिंकमध्ये प्रत्येक छिद्रात एकच तार घालावी आणि ती कोणत्या एमसीबीची आहे त्या क्रमांकाची खूण तिच्यावर करावी. डीबीत आरसीसीबी असेल तर ज्या शाखेची फेज त्याच्यातून जाते तिची न्यूट्रलही त्याच्याच बाहेरच्या लिंकवर आली पाहिजे. नवी फेज एका ठिकाणाहून आणि न्यूट्रल जवळ पडते म्हणून दुसरीकडून घेतली, तर उपकरण लावताच आरसीसीबी पडेल. अशा वेळी तो ‘खराब आहे’ म्हणून काढून टाकणे म्हणजे घरातल्यांचे शॉकपासूनचे संरक्षण काढून टाकणे होय.

तपासणी, आणि टर्मिनल आधीच जळलेले असेल तर

पेटीतील तांब्याचे कण झटकून, झाकण बसवण्यापूर्वी सातत्य (तार मध्ये कोठे तुटलेली नाही ना) आणि इन्सुलेशन रोध तपासावा. मेगरने (इन्सुलेशन रोध मोजणारे उपकरण) तपासताना उपकरणे व इलेक्ट्रॉनिक वस्तू सोडवून ठेवाव्यात. मग झाकण लावून वीज द्यावी, शाखेवरचा नेहमीचा सर्वांत मोठा भार अर्धा-पाऊण तास चालवावा आणि एमसीबीच्या प्लॅस्टिकच्या दर्शनी बाजूला बोटाच्या मागच्या भागाने स्पर्श करावा. कोमट लागणे स्वाभाविक आहे; हात लगेच मागे घ्यावासा वाटला किंवा शेजारच्या एमसीबीपेक्षा हा स्पष्टपणे तापलेला असला, तर वीज बंद करून जोडणी पुन्हा उघडावी. वीज चालू असताना पेच कसून पाहू नये.

जुन्या पेटीत टर्मिनलभोवती तपकिरी डाग, माशासारखा जळका वास किंवा कडक झालेले इन्सुलेशन आढळले, तर पेच कसून काम भागवू नये. एकदा तापलेल्या चौकटीची पकड गेलेली असते, म्हणून तो एमसीबी बदलावा, आणि बसबारचा दात काळा पडला असल्यास बसबारही बदलावा. तार काळवंडलेल्या भागाच्या मागे, जेथे तांबे लालसर चकाकते आणि इन्सुलेशन मऊ आहे, तेथपर्यंत कापावी. कापल्यावर ती टर्मिनलपर्यंत पोहोचत नसेल तर ताणून बसवू नये. डीबीतच कनेक्टर लावून त्याच जाडीच्या नव्या तुकड्याने लांबी भरून काढावी. डीबी सागवानी फळीवर किंवा माळवदाच्या तुळईला लागून बसवलेली असेल, तर मागचे लाकूडही काढून पाहावे, आणि ते कोळपलेले दिसल्यास पेटी तेथून हलवून भक्कम भिंतीवर बसवावी.